तळ्याची हद्द

बाईंनी शाळेतली नोकरी निवृत्तीच्या चार वर्षं आधी सोडली, ती हजेरीपत्रकाच्या एका पानापायी.

ऐन उन्हाळा होता. मुलींच्या पटावर नावं एकेचाळीस आणि वर्गात बसलेल्या नऊ. बाकीच्या ओढ्यात. ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा खणायचा, त्यात झिरपेल ते पाणी वाटीनं भांड्यात भरायचं आणि भांडं डोक्यावर घेऊन चढ चढायचा, यातच त्यांची सकाळ जायची. गैरहजेरीच्या कारणाच्या रकान्यात बाई लिहायच्या, पाणी. त्याखाली पाणी. त्याखाली पुन्हा पाणी. सव्वीस वर्षं त्यांनी हा रकाना असाच भरला होता. त्या साली मात्र महिना संपला आणि त्यांनी पान उलटलं नाही. पत्रक काखेत मारलं, तडक पंचायतीच्या कचेरीत गेल्या आणि सरपंचापुढं उघडून ठेवलं.

सरपंचाला सगळं गाव कारभारी म्हणायचं. वडिलांपासून ती खुर्ची त्याच घरात होती. कारभाऱ्यानं पान पाहिलं, खालच्या सहीपर्यंत नजर नेली आणि हसला.

"बाई, शाळेचं शाळेत ठेवा. गावाचं बघायला आम्ही आहोत की."

बाई घरी आल्या तेव्हा धाकटा ओट्यावर कुदळीला नवा दांडा बसवत होता. धाकटा म्हणजे बाईंचा नवरा. दोघं भाऊ. थोरल्याचं घर शेजारीच, मध्ये नुसतं अंगण. म्हातारी आई धाकट्याकडे असायची.

"काय म्हणाला कारभारी?"

"हसला."

"मग?"

"मग काय? राजीनामा लिहिते आज. निवडणूक तोंडावर आलीय. नोकरीत राहून उभं राहता येत नाही."

पाचर तिरकी गेली आणि हातोडा अंगठ्यावर बसला. अंगठा तोंडात धरूनच त्यानं विचारलं, "कशाला उभं राहता येत नाही?"

"सरपंचपदाला."

त्या गावातच काय, आसपासच्या तीस-चाळीस गावांत बाईमाणूस सरपंच झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. पंचायतीत दोन बायका सभासद होत्या, पण नावापुरत्या. त्यांच्या खुर्चीवर त्यांचे नवरे बसायचे आणि कागद सहीला घरी यायचा. धाकट्यानं बायकोकडे नीट पाहिलं. उन्हातून आलेली, कपाळावर केस चिकटलेले, बोटांना खडूची भुकटी. तिनं एकदा मनावर घेतलं की आपलं काही चालत नाही, हे त्याला तीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं.

"बरं," तो म्हणाला आणि दुसरी पाचर शोधायला लागला.

प्रचार म्हणजे काय, तर बाई घरोघर गेल्या. प्रत्येक घरात त्यांच्या हाताखालून गेलेलं कुणी ना कुणी होतंच. चुलीपुढं बसलेल्या बाईला त्या विचारायच्या, "तू तिसरीत शाळा का सोडलीस गं?" ती म्हणायची, "पाण्यामुळं." "आणि तुझी पोर कितवीत आहे आता?" एवढं विचारून त्या उठायच्या. ती बाई मग हातातलं काम टाकून बराच वेळ तशीच बसायची.

कारभाऱ्यानं बाजाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, 'प्रचंड बहूमताने निवडून द्या.' बाई जाता जाता थांबल्या आणि शिडीवरच्या रंगाऱ्याला म्हणाल्या, "अरे, हु ऱ्हस्व." रंगारी त्यांचाच विद्यार्थी. त्यानं जीभ चावली, कुणाला न विचारता दीर्घ पुसला आणि ऱ्हस्व काढला. गाव तीन दिवस हसत होतं. "बाई विरोधकाची पाटीसुद्धा तपासतात," असं जो तो सांगत सुटला.

मतमोजणी झाली. बाई सदतीस मतांनी निवडून आल्या.

पहिल्या सभेला धाकटा धुतलेला सदरा घालून बायकोबरोबर गेला. कचेरीत गर्दी होती. कारभारी आता नुसता सभासद, पण तोच पुढं झाला. सरपंचाच्या खुर्चीला लागून दुसरी खुर्ची त्यानं स्वतः पुसून ठेवली.

"या, मालक, बसा. सही बाईंची आणि बोलणं तुमचं. आपल्याकडे असंच चालतं."

धाकट्याला ते आवडलं. कचेरीत कधी कुणी त्याला बस म्हटलं नव्हतं. अर्ज घेऊन यायचा तेव्हा दाराशी उभा राहायचा. तो बसला. खुर्चीला हात होते, त्यावर त्यानं हात ठेवले.

बाईंनी वही उघडली, सगळ्यांकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"अहो, तुम्ही बाहेर बसा. इथं सभासदांनी बसायचं असतं."

आवाज चढलेला नव्हता. वर्गात एखाद्याला जागेवर जा म्हणावं, तसं त्या म्हणाल्या. धाकटा उठला. उठताना सदऱ्याची बाही खुर्चीच्या खिळ्यात अडकली, ती सोडवायला त्याला वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे बघत होते. बाहेर येताना कुणीतरी म्हणालं, "मालकांचं घरी तरी काही चालतं का?" आणि हशा पिकला. धाकटा तसाच मागच्या वाटेनं घरी गेला. पाठोपाठ त्या दोन सभासद बायकांचे नवरेही उठले आणि त्यांना घरून आपापल्या बायका पाठवाव्या लागल्या, हे त्याला संध्याकाळी कळलं.

दोन दिवस तो बायकोशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गोठ्यात शेण काढताना बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"राग आलाय."

"नाही."

"आलाय. यायलाच हवा. चारचौघांत मी तुम्हाला उठवलं. पण तुम्ही तिथं बसला असतात, तर त्या दोघी घरीच राहिल्या असत्या. आणि माझ्यानंतर येईल तिच्याही नशिबी तेच आलं असतं."

धाकटा फावडं ओढत राहिला. मग म्हणाला, "घरून निघतानाच सांगायचं ना."

बाईंनी शेणाची पाटी त्याच्याकडे सरकवली. म्हणाल्या, "हो. ते चुकलं माझं."

त्या कधी चूक कबूल करत नाहीत, असं गावात सगळे म्हणायचे. धाकट्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, पण त्या दिवशी त्याला भूक चांगली लागली.

गावाच्या डोक्यावर तळं होतं. तळं भरलं की खालच्या साऱ्या विहिरींना पाझर लागायचा. पण वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि काठच्या लोकांनी त्या गाळातल्या ओलीवर पेरायला सुरुवात केली. गाळपेर म्हणायचे त्याला. आधी एखादा वाफा, मग चार, मग पाणी आत शिरू नये म्हणून बांध. बांध उंचावत गेले आणि तळं आक्रसत गेलं. सगळ्यांत मोठी गाळपेर कारभाऱ्याची, पाच एकर. थोरल्याची एक एकर. आणि अर्धा एकर धाकट्याची.

कचेरीच्या कपाटात तळ्याचा जुना नकाशा होता. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पण हद्दीची रेघ ठसठशीत. बाईंनी मोजणीदार बोलावला.

तीन दिवस मोजणी चालली. ऊन असं की लोखंडी साखळीला हात लागत नव्हता, मोजणीदार ती ओल्या फडक्यानं धरायचा. एकेक निशाणी ठोकत तो तिसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याच्या कांद्यापाशी आला. कांद्याची पात गुडघ्याला लागत होती. मोजणीदारानं नकाशा पाहिला, साखळी पाहिली आणि घाम पुसला. रेघ कांद्याच्या अलीकडून जात होती. म्हणजे अख्खा अर्धा एकर तळ्यात.

"बाई, नकाशा जुना आहे," तो हळूच म्हणाला. "थोडं इकडंतिकडं आम्ही धरतोच. निशाणी जरा पलीकडे सरकवली तर..."

"नकाशात रेघ कुठं आहे?"

"रेघ इथंच आहे."

"मग इथंच ठोका."

धाकटा वाफ्यात तण काढत होता. चार घावांत खुंटी बसली.

जेवताना तो म्हणाला, "मला विचारायचं तरी."

"काय विचारायचं? तळं कुठवर आहे, हे?"

"वीस वर्षं मातीत घातली मी तिथं."

"माहितीय मला. तुमची पाठ मीच चोळलीय." बाईंनी ताट बाजूला सारलं. "ऐका. सरपंच म्हणून सगळ्यांना नोटीस जाईल तशी तुम्हालाही जाईल. बायको म्हणून मी काही मागणार नाही. घाम तुमचा आहे. तुमचं तुम्ही ठरवा."

म्हातारी कोपऱ्यात ऐकत होती. तिला कमी ऐकू यायचं असं सगळे समजायचे.

नोटीस घेऊन शिपाई आला तेव्हा बाई आत भाजी चिरत होत्या. धाकट्यानं ओट्यावर बसून पोच म्हणून सही केली. मग कागद आत नेऊन बायकोपुढं धरला.

"तुमची नोटीस आलीय."

"वाचा नीट," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मुदत पंधरा दिवसांची आहे."

म्हातारी खुदकन हसली. धाकट्यालाही हसू आलं, पण त्यानं ते दाबलं.

थोरला मात्र हसला नाही. तो अंगणात येऊन उभा राहिला, घरात आला नाही.

"तुझ्या बायकोनं मला नोटीस धाडली. सख्ख्या दिराला."

"मलाही धाडलीय, दादा."

"तुझं निराळं. तू ऐकून घेणारा. मी नाही." दुसऱ्या दिवशी त्यानं अंगणाच्या मधोमध काटेरी कुंपण घातलं. वहिनी रोज सकाळी म्हातारीला चहा आणून द्यायची. आता ती कुंपणापलीकडे कप घेऊन क्षणभर उभी राहायची आणि परत जायची.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी ग्रामसभा भरली. शाळेच्या पटांगणात माणसं मावेनात. बायका पहिल्यांदाच एवढ्या संख्येनं आल्या होत्या. कारभारी उठला. त्याला बोलायची सवय होती.

"नोटीस मी फाडून टाकलीय. मी कोर्टात जाणार. दहा वर्षं निकाल लागत नाही, तोवर गाळ तिथंच आणि पीकही तिथंच. आणि गावाला एक विचारतो. आमच्या पिकावर उठलेल्या या बाई, त्यांच्या घरचा कांदा अजून हिरवागार उभा आहे. आधी तो उपटा. मग आमच्या दारात या."

टाळ्या पडल्या. थोरला पुढच्या रांगेत बसला होता. त्यानं टाळी वाजवली नाही, पण मान खाली घातली. बाई उभ्या होत्या. सगळं पटांगण त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी हातातला कागद नीट दुमडला. धाकट्याला माहीत होतं, आता त्या आपल्याकडे बघतील. पण त्यांनी बघितलं नाही. त्या कारभाऱ्याकडेच बघत राहिल्या. मागणार नाही म्हणाल्या होत्या आणि खरंच मागत नव्हत्या, भर सभेत तोंडघशी पडायची वेळ आली तरी.

धाकटा मागच्या रांगेतून उठला. आयुष्यात तो कधी सभेत बोलला नव्हता.

"उद्या सकाळी उपटतो."

"काय?" कारभाऱ्यानं कानाला हात लावला.

"कांदा. उद्या सकाळी उपटतो आणि बांधही फोडतो. बघायचा असेल तर या, कारभारी. येताना कुदळ आणा."

कांदा तयार व्हायला अजून वीस दिवस हवे होते. दिवस उजाडताच धाकटा वाफ्यात उकिडवा बसला आणि पहिली पात मुठीत धरून ओढली. खाली लिंबाएवढा कांदा. त्यानं तो हातात धरून माती झटकली आणि पाटीत टाकला. मग मागं वळून न बघता ओढतच राहिला. थोड्या वेळानं शेजारच्या वाफ्यात बाई येऊन बसल्या, बाह्या वर सारून. बांधाला टेकून म्हातारी पात कापत बसली. कच्च्या कांद्याचा उग्र वास सुटला आणि तिघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

दहा वाजता वाफे मोकळे झाले. धाकट्यानं कुदळ उचलली आणि बांधावर पहिला घाव घातला. वीस वर्षं थापून थापून दगड झालेली माती. कुदळ उसळून परत आली, खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. दुसरा घाव घातला. तिसऱ्याला ढेकूळ निघालं. ते उचलायला वाकला तेव्हा दोन हात आधीच तिथं पोचले होते. ओढ्यातून रिकामं भांडं घेऊन परतणारी एक बाई होती. भांडं तिनं काठावर ठेवलं होतं. तिच्या मागं आणखी चौघी होत्या, त्यांच्या मागं रांग.

त्या दिवसापासून गाळ उपसायला सुरुवात झाली. कुणी खणायचं, कुणी घमेली भरायची, कुणी वाहायची. कोरडा गाळ नाकातोंडात जायचा, संध्याकाळी सगळ्यांच्या भुवया एकाच रंगाच्या दिसायच्या. बाई रोज सकाळी दोन तास घमेली वाहायच्या आणि मग हात धुऊन कचेरीत जायच्या. खडू धरणाऱ्या बोटांना फोड आले, ते फुटले, त्यावर फडकं बांधून त्या सह्या करायच्या. सहीचं वळण मात्र बदललं नाही.

पाचव्या दिवशी कारभाऱ्याच्या घरच्या दोन सुना घमेली घेऊन आल्या. ओढ्याची वाट त्यांनाही चुकलेली नव्हती. घरच्याच सुना गाळ वाहताहेत म्हटल्यावर कारभारी कोर्टात कुठल्या तोंडानं जाणार? त्यानं दोन दिवस दार लावून घेतलं आणि मग निरोप पाठवला, खुंट्यांच्या आतलं काय ते घ्या.

राहिला थोरला. त्याचा बांध तळ्याच्या ऐन पोटात आडवा पडला होता. तो राहिला तर पाणी निम्म्यातच अडणार. बाईंनी सांगितलं, त्याला कुणी हात लावायचा नाही. बाजूबाजूचं काम चालू राहिलं.

नवव्या दिवशी थोरला बैलजोडी घेऊन आला. कुंपण तोडल्याशिवाय बैल या बाजूला आणता येत नव्हते, म्हणजे ते त्यानं तोडलं असणार. वहिनी मागं होती, डोक्यावर घमेलं. धाकटा कुदळ टेकून उभा राहिला.

"सर बाजूला," थोरला म्हणाला. "हा असा नाही फुटायचा. मीच घातलाय, कच्चा कुठं आहे ते मला ठाऊक."

त्यानं बांधाच्या एका टोकाला, नेमकं बघून, पहार खुपसली. तासाभरात सगळा बांध आडवा झाला. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"भाऊजी, पाणी."

त्यानं तांब्या घेतला, तोंडाला लावून सगळा संपवला आणि परत दिला. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं कसं आणि केव्हा सुरू झालं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्या वर्षी तळं काठोकाठ भरलं. दर साली कोरड्या पडायच्या त्या दिवसांतही विहिरींना पाच परस, एकावर एक पाच माणसं उभी राहावीत एवढं पाणी होतं. लांबलांबच्या गावांतून माणसं बघायला येऊ लागली. एकदा तर एक अख्खी गाडी भरून बायका आल्या. त्यांच्यातल्या तिघी आपापल्या गावांत निवडणुकीला उभ्या होत्या आणि त्यांना बाईंना भेटायचं होतं.

त्या दिवशी म्हातारी म्हणाली, "मला ने रे तळ्यावर. सगळं जग बघून गेलं, मीच राहिलेय."

धाकट्यानं तिला पाठुंगळी घेतलं. वजन असं नव्हतंच काही. तळ्याच्या मूळ बांधावर चढून त्यानं तिला दगडावर बसवलं. समोर दूरवर पाणी, वाऱ्यानं थरथरणारं.

"आपलं शेत कुठं गेलं?"

"ते काय, तिथं. पाण्याखाली."

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. खाली पाणी सोडायच्या दारापाशी बाई उभ्या होत्या. दाराची फळी गळत होती आणि ती बसवणाऱ्या ठेकेदाराला त्या फैलावर घेत होत्या. ठेकेदार, त्याचा मुकादम, दोन सभासद आणि कारभारी, सगळे हात मागं बांधून ऐकत होते. आलेल्या बायका काठावर उभ्या राहून बघत होत्या.

"एवढे बाप्ये गप्प उभे आहेत होय?"

"फळी गळतेय ना. बोलतील काय?"

म्हातारी बराच वेळ बघत राहिली. तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर हसू पसरलं.

"तुझ्या बापाला दुसरीच पसंत होती. गरीब होती, मान वर करत नव्हती. मी हटून बसले. म्हटलं, करायची तर हीच."

धाकट्यानं चमकून पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"हीच का, आई?"

"आम्ही बघायला गेलो, तर सगळ्यांत आधी तिनंच मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं?" म्हातारीनं पाण्याकडे बघत मान हलवली. "तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं रे."